न तापवायचं दूध

आमच्यात घरात दूध आलं की आधी तापवायचं, मग बाकीचं बोलायचं. पाहुणा उंबऱ्यात उभा असला तरी त्याला सांगायचं, बसा वाईच, दूध शेगडीवर हाय. लग्न होऊन लासुर्ण्यात आले तेव्हापासून हे माझ्या हाताला लागलेलं. गाईचं असो, म्हशीचं असो, शेळीचं वाटीभर असो, न तापवता ठेवलेलं दूध म्हणजे नासायला ठेवलेलं दूध. मी शाळेत गेलेली नाही, माझी अक्षरं मुलाच्या पाटीवर त्याच्या बरोबरीनं गिरवलेली. पण हे एवढं एक शास्त्र मला पक्कं येत होतं. आणि त्यानंच माझी फजिती केली. कशी ते सांगते.

सून बारामतीत एका दवाखान्यात नर्स आहे. मुलगा कंपनीत, त्याच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. थोरली नात पाच वर्षांची, उन्हाळ्याच्या सुट्टीमुळं दिवसभर घरात. आणि धाकटा, म्हणजे नातू, तेव्हा साडेपाच महिन्यांचा होता. सुनेची बाळंतपणाची रजा संपत आली होती, सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. मुलाचा फोन आला, आई, दोन महिने ये. मी कोंबड्या शेजारणीच्या हवाली केल्या, अळीव, बाजरी आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत भरली आणि एसटीत बसले. शेजारीण फाट्यापर्यंत सोडायला आली होती. म्हणाली, "बारामतीकरीण होऊन येशील आता. गेल्यागेल्या सुनेला सांग, घरी बस म्हणावं, लेकराला सोडून कुठं चाललीस?" खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. लेकरू अंगावर पितंय तोवर बाईनं घर सोडू नये, असं माझं मत. मी स्वतः सोडलं होतं ही गोष्ट वेगळी. ते पुढं सांगते.

पहिल्याच पहाटे जाग आली ती गुणगुण ऐकून. वाटलं, भुंगा शिरलाय खोलीत. उठून बघते तर सून भिंतीला टेकून मांडी घालून बसलेली. एका बाजूला बाळ पितंय, आणि दुसऱ्या बाजूला तिनं एक मुठीएवढं यंत्र लावलंय, ते गुणगुणतंय. यंत्राच्या पुढं नरसाळ्यासारखं काहीतरी आणि खाली छोटी बाटली. बाटलीत थेंब पडत होते. पांढरे शुभ्र. मी तोंड फिरवलं. ती हसली.

"बघा की आई. तुम्ही तीन लेकरं पाजलीत, आणि लाजताय माझ्यासमोर?"

मग मी बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं म्हणा. इतक्या वर्षांत, इतकी लेकरं पाजली, शेजारणींची पाजलेली बघितली, पण दूध बाईच्या अंगातून येताना दिसत नाही, ते सरळ लेकराच्या तोंडात जातं. इथं ते डोळ्यासमोर येत होतं. आधी थेंब, मग दोन-तीन बारीक धारा एकदम, मग पुन्हा थेंब. बाळ तिकडं जोरात ओढायला लागलं की इकडंही धार वाढायची. जसं काही त्या दोघांचं आतून बोलणं चाललंय. मी तोंडाला पदर लावून बघतच राहिले.

तिनं मला फ्रीज दाखवला. वरच्या बर्फाच्या कप्प्यात झाकणाचे छोटे छोटे डबे, हळदी-कुंकवाच्या करंड्याहून जरा मोठे, एकावर एक रचलेले. अठरा होते. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली, चिठ्ठीवर तारीख. तीन आठवडे ती पहाटे उठून हे करत होती. थोरलीच्या वेळी हे काही तिला जमलं नव्हतं. तेव्हा ती कामावर गेली आणि बाटलीचं दूध सुरू केलं. पोरीला जुलाब लागले, आठ दिवस सलाईनवर होती. सुनेनं नोकरी सोडून दिली. परत नोकरी मिळायला तीन वर्षं गेली. हे सगळं मला माहीत होतं, पण त्याचा आणि या डब्यांचा संबंध माझ्या डोक्यात तोवर जुळला नव्हता. ती म्हणाली, या वेळी बाळाला वरचं खाणं सुरू होईपर्यंत माझंच दूध द्यायचं आणि नोकरीही सोडायची नाही. बाळानं माझ्याशिवाय हे प्यायला पाहिजे, बस. नाहीतर आई, मी परत घरी. ती हे रडून बोलली नाही. कुणी बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

शुक्रवारी ती दवाखान्यात कागद द्यायला गेली. दुपारी एकपर्यंत येते म्हणाली. जाताना बाळाला पाजलं, मला शिकवलं. हात कोपरापर्यंत धुवायचे. डबा काढून गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचा, वितळला की वाटीत ओतायचं, चमच्यानं द्यायचं. मी तिला म्हटलं, पोरी, तू जा, मी काय आज आई झाले का? ती गेली.

साडेनऊला लाईट गेली.

त्या महिन्यात लाईनीचं काम चाललं होतं, रोज केव्हातरी जायची. पण मला लागलीच फ्रीज आठवला. उघडून बघितला. डबे कडक होते. पंधरा मिनिटांनी पुन्हा उघडला. पुन्हा पंधरा मिनिटांनी. प्रत्येक वेळी आतली वाफ माझ्या तोंडावर यायची आणि मला वाटायचं, बघा, गारवा कमी व्हायला लागला. आता कळतं की तो मीच बाहेर घालवत होते. साडेअकराला वरच्या डब्याला बोट लावलं तर पाणी सुटलेलं. सुनेला फोन लावला, तिनं उचलला नाही, कुणासमोर तरी बसलेली असणार. तीन आठवड्यांचं दूध. अठरा पहाटा. आणि माझ्या हाताखाली नासणार.

मग जे कुणीही केलं असतं ते मी केलं. मोठं पातेलं स्वच्छ धुतलं, सगळे डबे गरम पाण्यात धरून सोडवले, एकेक करून पातेल्यात ओतले आणि शेगडीवर ठेवलं.

काय सांगू तुम्हाला. ते दूध आपल्या दुधासारखं वागतच नव्हतं. पातळ, निळसर झाक असलेलं. वास गोड, उसाच्या चरकाजवळून जाताना येतो त्याच्या जवळचा, पण अगदी हलका. ते म्हशीच्या दुधासारखं एकदम उसळलं नाही, कडेकडेनं बारीक फुगे आले, मग मधोमध. उतरवून झाकण तिरकं ठेवलं. निवल्यावर बघते तर कडेला पिवळसर तवंग धरलेला. बाईच्या दुधावरही लोणी येतं म्हणायचं, एवढं वय झालं आणि हे आज कळलं. थोरल्या नातीला बोलावून दाखवलं. ती टाचा उंचावून पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "आजी, हे सगळं मम्मीत होतं?" मी म्हटलं, व्हय.

बाळ उठलं, रडायला लागलं. निवलेलं दूध वाटीत घेतलं, चमचा लावला. थुंकलं. पुन्हा लावला, जिभेनं ढकलून दिला. अर्धा तास मी आणि ते झगडत होतो. शेवटी दोघंही दमलो.

सून आली तेव्हा मी पातेल्याकडं बोट केलं. अभिमानानं. म्हटलं, लाईट गेली होती, पण मी सगळं वाचवलं.

"सगळं?"

"सगळं. एक थेंब नासू दिला न्हाय."

ती पातेल्यापाशी गेली. झाकण उचललं. पुन्हा ठेवलं. मग हात धुतले, बाळाला माझ्याकडून घेतलं आणि ओट्याला पाठ लावून तिथंच फरशीवर बसली. बाळ प्यायला लागलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती दुसऱ्या हाताच्या मनगटानं पुसत होती, बाळाच्या अंगावर पडू नये म्हणून. मला काही कळेना. मी काय चुकले?

बाळाची बाजू बदलताना ती म्हणाली, "आई, हे तापवायचं नसतं."

मग तिनं समजावून सांगितलं. आईच्या दुधात लेकराला आजारातून राखणारं काहीतरी असतं, ते जितंजागतं असतं, उकळलं की त्यातलं पुष्कळसं मरतं. पोट भरेल, पण ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तेच उरत नाही. आणि एकदा वितळलेलं परत बर्फात ठेवता येत नाही. अठरा डब्यांचं एक पातेलं, आणि सोमवार तीन दिवसांवर. मी म्हटलं, मला शिव्या दे. ती म्हणाली, कशाबद्दल, लाईट गेल्यावर दूध तापवायचं नाही तर काय करायचं? माझ्या आईनंही हेच केलं असतं. चूक माझी, तुम्हाला कसं करायचं ते सांगितलं, काय करायचं नाही ते सांगितलंच नाही.

तिनं मला असं मोकळं केल्यावर मला राहवेना. मी तिला ते सांगितलं जे घरात कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

माझा धाकटा, म्हणजे तिचाच नवरा, चार महिन्यांचा होता तेव्हा मी खुरपायला जायला लागले. त्याला घरी जावेपाशी ठेवायची, ती कापसाचा बोळा शेळीच्या दुधात भिजवून चोखायला द्यायची. मी शेजारच्या कळंबच्या शिवारात कांद्यात. दुपार व्हायची आणि छाती दगडासारखी व्हायची. चोळी ओली. बरोबरच्या बाया हसायच्या, "बाई, तुझा पाट फुटला बघ." मी पण हसायची. मग कामाच्या मधेच उठून कालव्याच्या चारीच्या कडेला जायची, बाभळीआड बसायची आणि दूध पिळून पाण्यात सोडायची. माझी सासू सांगायची, दूध जमिनीवर टाकू नको, कुणाच्या पायाखाली येतं, वाहत्या पाण्यात सोड. पांढरी रेघ पाण्यावर लांबपर्यंत जायची. मग दिसेनाशी व्हायची. चारी पुढं उसाला जायची. कुणाच्या उसाला माझ्या लेकराचं दूध गेलं कुणास ठाऊक. घरी तो बोळा चोखून रडायचा आणि इथं मी हातानं त्याचं दूध पाण्याला देत होते. कुणाला सुचलंच नाही की ते साठवता येतं. मलाही नाही.

सून बाळाला पाजायचं थांबली नव्हती. माझ्याकडं बघत होती. नर्स बघते तसं नाही, दुसरं काहीतरी.

"दुखायचं का हो आई?"

चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, सासूनं नाही, नवऱ्यानं तर नाहीच, बरोबरच्या बायांनीही नाही, कारण त्यांचंही दुखत असणार. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, व्हय, लई दुखायचं. आणि मग मात्र मी रडले. थोरली नात दारात उभी राहून आळीपाळीनं आमच्याकडं बघत होती.

पातेल्यातलं दूध सुनेनं टाकलं नाही. शनिवारी सकाळी म्हणाली, याची अंघोळ घाला बाळाला, कातडीला चांगलं असतं. मी पायावर घेऊन तेलानं चोळलं, आणि मग तांब्यातांब्यानं त्याच्याच आईचं दूध त्याच्या अंगावर सोडलं. कोमट. त्याच्या पाठीवरून, मांडीच्या वळ्यांतून ते माझ्या पायांवर उतरत होतं. पोरगं निवांत. मी किती लेकरं न्हाऊ घातली, गावात बाळंतिणीकडं मला बोलावतात, पण असं न्हाणं मी बघितलं नव्हतं. मोरीत ते दूध जाताना मी खाली हात धरला. काहीच अडवता आलं नाही, पण धरला.

मग तिनं पुन्हा दूध साठवायला सुरुवात केली, जणू काही झालंच नाही. शुक्रवारी संध्याकाळी, शनिवारी, रविवारी. यंत्र लावून पोरीची उजळणी घ्यायची. पोरगी एकोणतीसवर अडली की यंत्र न काढता तीस म्हणून सांगायची. पायानं बाळाच्या पाळण्याची दोरी सारायची, एका हातानं गणवेशाच्या पिनाही शोधायची. मी अळिवाची खीर करून देत होते. त्यातलं म्हशीचं दूध मात्र मी दणकून तापवलं. रविवारी रात्रीपर्यंत सहा डबे झाले. अठराचे सहा. तेवढ्यावर सोमवार काढायचा होता. दुपारी एकला ती अर्ध्या तासासाठी येणार होती. म्हणजे मला एकदा साडेदहाला आणि एकदा तीनला पाजायचं होतं. पण बाळ चमच्याला तोंड लावत नव्हतं. रविवारीही नाही.

सोमवारी सकाळी पावणेआठला ती निघाली. पांढरा गणवेश, केस घट्ट बांधलेले. दारात बाळाची एक पापी घेतली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, जिना उतरली. मागं वळून बघितलं नाही. मला माहीत आहे का बघितलं नाही. मीही कांद्याला जाताना बघत नसे.

नऊ वाजता लाईट गेली.

या वेळी मला ठाऊक होतं काय करायचं. काहीच करायचं नाही. सुनेनं बजावलं होतं, दार उघडलं नाही तर आतला गारवा चार-पाच तास टिकतो. मी सतरंजी आणली, फ्रीजपुढं टाकली आणि दाराला पाठ लावून बसले. मांडीवर बाळ. कारण मला माझ्या हाताचा भरवसा नव्हता. नात आली, गार पाणी मागायला लागली. म्हटलं, माठातलं पी. तिला बर्फ हवा होता. म्हटलं, आज बर्फ न्हाय. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आजी, तू काय फ्रीजची वॉचमन हायेस का?"

मी म्हटलं, व्हय. पगारी.

साडेदहाला बाळ कुरकुरायला लागलं. मी दार उघडलं, एक डबा उचलला, पापणी लवायच्या आत दार लावलं. गरम पाण्याच्या भांड्यात डबा धरला, वाटीत ओतलं. चमचा लावला, थुंकलं. अजून दोन महिने रोज हेच होणार का, आणि तो जुना दिवस परत येणार का, तिनं नोकरी सोडायचा? मग मला आठवलं, आमच्याकडं शेळी मेली की करडाला वाटीनंच पाजायचो. वाटी ओठाला लावायची, ओतायचं नाही. दूध ओठाला नुसतं शिवू द्यायचं. पुढचं ते बघतं. मी चमचा बाजूला ठेवला. बाळाला जरा उठवून धरलं, वाटीची कड खालच्या ओठावर टेकवली. आणि थांबले.

त्यानं जीभ बाहेर काढली. वाटीत घातली. आत घेतली. पुन्हा काढली. आणि मग चाटायला लागलं, मांजराच्या पिल्लासारखं, माझ्याकडं बघत. दोन्ही डोळे माझ्या तोंडावर. वाटी जराशी कलती केली तर घोट घेतला. गिळला. त्याच्या गळ्यातून तो घोट खाली जाताना मला दिसला. पहाटे साडेचारला जे त्या यंत्रातून थेंबथेंब आलं, बर्फ झालं, पुन्हा दूध झालं, ते आता हजर नसलेल्या आईकडून माझ्या हातानं लेकरात चाललं होतं. तिकडं ती कुणाच्या तरी शिरेत सुई टोचत असेल, आणि इकडं तिचं लेकरू तिचंच दूध पीत होतं. एक बाई दोन ठिकाणी. मी देवधर्म फार करत नाही, सकाळी वंदना म्हणते तेवढीच. पण तेव्हा हात जोडावेसे वाटले, फक्त हातात वाटी होती.

सगळं संपवलं त्यानं. शेवटी वाटी चावायला लागलं.

एकला स्कूटीचा आवाज आला. लाईट अजून गेलेलीच. सून आत आली, काही विचारलं नाही. तिची नजर आधी ओट्यावर गेली, तिथं रिकामा डबा होता, धुऊन पालथा घातलेला. मग माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. ती फ्रीजकडं पाणी घ्यायला वळली तर मी म्हटलं, "पोरी, दार उघडू नको. माठातलं घे." ती थांबली, आणि इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली.

हात धुऊन बसली, बाळाला घेतलं. डाव्या हातावर बाळ, उजव्या हातानं भाकरी आणि चटणी. पोरगी पाठीला लटकलेली, फ्रीजवर वॉचमन कसा बसला होता ते सांगत होती. भाकरीचा एक घास तिनं मागं पोरीच्या तोंडात दिला, न बघता, बरोबर तोंडात. तेवढ्यात लाईट आली. फ्रीज घरघरला.

निघताना तिनं पर्समधून रुमालात गुंडाळलेला एक डबा काढला. दुपारच्या सुट्टीआधी कपडे बदलायच्या खोलीत दहा मिनिटं मिळाली तेव्हाचा. माझ्या हातात दिला. अजून कोमट होता. कोंबडीखालून ताजं अंडं काढल्यावर हाताला लागतं तेवढा. ती म्हणाली, "ठेवून द्या आई. आणि तारीख तुम्हीच लिहा आजपासून."

ती जिना उतरून गेली. मी चिठ्ठी घेतली, पेन घेतलं, टेबलाशी बसले. माझं अक्षर मोठं, चिठ्ठी लहान. महिना दुसऱ्या ओळीत गेला. चिकटवून डबा वरच्या कप्प्यात पाच डब्यांशेजारी ठेवला आणि दार हळू लावलं.